मसाला तुमचा, कांडप माझं

माझं नाव अक्षदा. लालबागच्या मिरची गल्लीत लवूमामाचा मसाला कांडायचा डंक आहे आणि त्याच्या बरोबर डोक्यावर आमची खोली. मार्च ते मे आमच्याकडे कुणी धड बोलत नाही, नुसतं शिंकतात. खाली लोखंडी मुसळं धाडधाड वरखाली होतात, वर फळीवरचे पेले नाचतात. आई-बाबा कंटाळून कणकवलीला गेले ते तिकडचेच झाले. राहिलो मी आणि माझा धाकटा भाऊ विनीत. अशा ह्या घरात बसून, कुरियर कंपनीतली नोकरी सुटल्यावर, मी ठरवलं की लोकांना हवी तशी गोष्ट लिहून द्यायची आणि तिचे पैसे घ्यायचे.

लिहायला मी कुणाच्या बापाला भीत नाही. पैसे मागायची वेळ आली की मात्र माझी जीभ टाळ्याला चिकटते. पहिली गोष्ट चुलतबहिणीच्या डोहाळजेवणाला लिहिली, ती फुकट, कारण घरचंच माणूस. दुसरी चिवडा गल्लीतल्या एका दुकानदाराच्या वडिलांवर. तो म्हणाला, “काय द्यायचे?” मी शहाणी म्हणाले, “द्या तुम्हाला वाटेल ते.” त्याला दोन किलो बटाट्याचा चिवडा वाटला. आम्ही सकाळी चिवडा खाल्ला, रात्री चिवडा खाल्ला, आणि पंधराव्या दिवशी विनीतने डबा माझ्यापुढे आपटला.

विनीत परळच्या एका मॉलमध्ये बुटांच्या दुकानात मॅनेजर आहे. जगातली प्रत्येक गोष्ट त्याला बुटासारखी दिसते.

“ताई, ज्या बुटावर किंमत नसते ना, तो लोक हातात घेतात, वाकवून बघतात आणि परत ठेवून देतात. आकडा लिही. मोठ्ठा लिही.”

मग आम्ही आकडा काढला. एका गोष्टीला मला चार दिवस लागतात. कुरियरवाले दिवसाचे साडेसातशे द्यायचे. म्हणजे झाले तीन हजार. कागदावर लिहिल्यावर तो आकडा मला दुसऱ्याच कुणाचा तरी वाटायला लागला.

त्यातच दत्तारामकाकांचा फोन आला. हे बाबांचे जुने मित्र. त्यांच्या पतपेढीत क्लार्कची एक जागा होती, ती त्यांनी माझ्यासाठी अडवून धरली होती. “सोमवारी अकरा वाजेपर्यंत हो की नाही ते सांग, बाळा. मग माझ्या हातात नाही.” एकट्या विनीतच्या पगारात घर कसंबसं चालत होतं, खोटं कशाला बोला. तेव्हा आम्हा दोघांत ठरलं. सोमवारच्या आत एका परक्या माणसाने, ओळखीपाळखीच्या नाही, पूर्ण तीन हजार मोजून गोष्ट घेतली तर मी काकांना नाही म्हणायचं. नाहीतर गपगुमान पतपेढीत जाऊन बसायचं. विनीतने हात पुढे केला आणि मी टाळी दिली. टाळी देताना मनातून पतपेढी मुळीच नको होती. कारण गेले दोन महिने, आयुष्यात पहिल्यांदा, रविवार संपला म्हणून मला वाईट वाटत नव्हतं.

मंगळवारी मी डंकाच्या भिंतीवर कागद चिकटवला. ‘मागणीप्रमाणे गोष्ट लिहून मिळेल. एका गोष्टीचे ३००० रुपये. वर विचारा.’ बुधवारी दुपारी खालून हाक आली.

“ओ गोष्टवाली! खाली ये!”

“वर या ना!” मी खिडकीतून ओरडले.

“माझी मिरची टाकलीय! सोडून कशी येऊ?”

डंकावरची रीतच आहे ती. आपली मिरची, आपले धणे, आपला गरम मसाला घेऊन यायचं, लवूमामाने दिलेल्या स्टुलावर बसायचं आणि मसाला डब्यात पडेपर्यंत नजर हलवायची नाही. डोळा लागला की आपली बेडगी जाऊन दुसऱ्याची भुसकट मिरची येते, असं प्रत्येक बाईला वाटतं. लवूमामाने तीस वर्षांत कुणाचा दाणा इकडचा तिकडे केलेला नाही. पण त्यालाही त्याचं काही वाटत नाही, तो आपला स्टूल पुसून देतो.

मी खाली गेले. पासष्टीची बाई, नाकातोंडावर पदर घट्ट बांधलेला, उघडे फक्त डोळे. ते लाललाल झालेले, पाणी गळतंय, पण मुसळावरून हटत नव्हते. माझ्याकडे न बघताच ती बोलायला लागली.

“मी कमलाबाई. घोडपदेवला राहते. मुन्शिपाल्टीच्या हॉस्पिटलात आया होते. आमच्या ह्यांची, नानांची, रविवारी पंच्याहत्तरी आहे.”

“वा! मग नानांवर गोष्ट लिहायची?”

“ऐक तर. ब्याऐंशीच्या मे महिन्यात आम्ही महाबळेश्वरला जाणार होतो. लग्नाला वर्ष झालं होतं. पैसे साठवले होते, साडी घेऊन ठेवली होती. जानेवारीत गिरण्यांचा संप झाला. नाना गिरणीत. साठवलेलं पोटात गेलं. मग पोरं झाली, त्यांची शिक्षणं झाली, राहिलं ते राहिलंच. तर आम्ही गेलो होतो अशी गोष्ट लिहून दे.”

बाई गं! मला तिथल्या तिथे तिला मिठी मारावीशी वाटली. अशी ऑर्डर मी कधी स्वप्नातही मागितली नसती.

“देते. नक्की देते. दर कागदावर लिहिलाय, तीन हजार.”

“वाचला. मसाला कुणाचा?”

“म्हणजे?”

“म्हणजे माणसं माझी, गाव माझं, साडीचा रंग मी सांगणार, कुठे गेलो काय खाल्लं ते मी सांगणार. मसाला सगळा माझा. तुझं फक्त कांडप. लवू, मसाल्यासकट घेतला तर एक दर आणि नुसतं कांडून दिलं तर दुसरा. हो की नाही?”

लवूमामा मसाला चाळता चाळता म्हणाला, “बरोबर बोलतत, गो अक्षू. मसालो तेंचो, तुजा फकत कांडप.”

घरचा भेदी! मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने चाळणीत मान घातली. मी एकदा शिंकले, दोनदा शिंकले, आणि तिसऱ्या शिंकेला कमलाबाई म्हणाल्या, “पंधराशे.” मी मान हलवली की शिंकेने हलली, देव जाणे.

“आणि ऐक,” त्या म्हणाल्या. “तुझा एक दाणा त्यात नको. भेसळ दिसली तर एक पैसा देणार नाही. उद्या दुपारी येते.”

“कशाला?”

“कशाला म्हणजे? समोर बसायला नको?”

रात्री विनीतला सांगितलं तर तो कपाळावर हात मारून बसला. “अर्धा दर म्हणजे अर्धी टाळी. नाही मोजणार मी.” मला त्याचा राग आला, त्याहून माझा जास्त आला. दर चुकला म्हणून नाही. लवूमामासमोर, चार बायकांसमोर, मला एवढं पण म्हणता आलं नाही की अहो, गोष्ट लिहिणं म्हणजे कांडणं नव्हे. आणि ते नाही तर मग काय, हे मला नीट माहीत नव्हतं म्हणून म्हणता आलं नाही.

गुरुवारी बरोबर बारा वाजता कमलाबाई जिना चढून आल्या. एका हातात डबा, दुसऱ्या हातात स्वतःचा प्लास्टिकचा स्टूल. स्टूल माझ्या खुर्चीच्या मागे मांडला, बसल्या, पदर खोचला.

“हं. चालू कर.”

तुम्ही कधी कुणी मानेवर श्वास सोडत असताना गोष्ट लिहिलीय? लिहून बघा. स्क्रीनवरची अक्षरं त्यांना बारीक पडायची, म्हणून प्रत्येक परिच्छेद झाला की वाचून दाखवायचा. मग त्या चवीने ऐकायच्या आणि दुरुस्त करायच्या.

“साडी मोरपंखी. तू नुसती हिरवी लिहिलीस.”

“करते, मावशी.”

“आणि नाना खिडकीत बसणार नाहीत. त्यांना वारा लागतो, कान ठणकतात. खिडकीत मी.”

परळच्या डेपोतून एसटी सुटली. वाईला गरम भजी खाल्ली. घोड्यावर बसले, फोटो काढला, वेण्णा तलावात होडी घेतली. सगळं त्यांच्या यादीत होतं, वहीच्या पानावर, नंबर घालून. त्रेचाळीस वर्षं त्या पानाची तयारी चालली असावी. मी एकेक उचलून कांडत गेले. शुक्रवारी संध्याकाळी सगळं एकदा वाचलं आणि माझा चेहरा पडला. गोष्टीत सगळे हसत होते. नाना सकाळी हसत होते, कमल दुपारी हसत होती, घोडासुद्धा हसत होता. किराणा दुकानाच्या कॅलेंडरवर असतं ना, तसं झालं होतं ते. कमलाबाई मात्र खूश होत्या. “छान बारीक निघालंय,” म्हणाल्या.

दोन दिवसांत एक गोष्ट मात्र मी ऐकली होती. त्या दर तासाला नानांना फोन करायच्या.

“गोळी घेतलीत? खोटं बोलू नका. डबीतल्या मोजून ठेवल्यात मी.”

“भाजीत मीठ नाही म्हणून आठ वाजल्यापासून रुसलात, अजून रुसलेलेच?”

“ठेवा फोन. मीच ठेवते. नाही, तुम्ही ठेवा!”

आणि ही दोन माणसं म्हणे महाबळेश्वरला तीन दिवस भांडल्याशिवाय राहिली!

शनिवारी शेवटचा परिच्छेद राहिला होता. कमलाबाईंनी डबा उघडला, भरली वांगी मलाही वाढली, पोटभर जेवल्या. पंखा गरगरत होता, खाली डंक धाडधाड करत होता, आणि मी मागे वळून बघते तर बाईंची मान कलंडलेली. तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांचा डोळा लागला होता.

आणि मी नेमकं तेच केलं, ज्याची डंकावरच्या प्रत्येक बाईला भीती असते.

मी मागे होडीपाशी गेले आणि तिच्या आधी माझ्या मनचं लिहायला लागले. होडीचं तिकीट किती म्हणून नानांनी विचारलं, आकडा ऐकला आणि म्हणाले, पाण्यात बसायला एवढे पैसे? काठावर बस, पाणी तेच दिसतंय. मोरपंखी साडीतली कमल म्हणाली, मग काठावर बसायला एवढ्या लांब कशाला आणलंत, घोडपदेवला नळ होता की. शब्दाला शब्द लागला. नाना ताडताड निघून गेले. कमल एकटी बाकावर बसली, लोक बघतायत म्हणून तळ्याकडे तोंड करून. अर्धा तास गेला. मग तिच्या शेजारी कुणीतरी येऊन बसलं. हातात भाजलेलं कणीस, पाऊण खाल्लेलं. उरलेलं त्यांनी तिच्यापुढे धरलं. तिने तोंड न वळवता कणीस घेतलं. शेवटची होडी सुटायची वेळ झाली होती. ती दोघं तिच्यात बसली, एकमेकांकडे पाठ करून, आणि तळं फिरून होडी परत काठाला लागली तेव्हा कुणाची पाठ कुणाला टेकली होती ते दोघांनाही कळलं नाही.

मी प्रिंटरचं बटण दाबलं. त्याच्या घरघरीने कमलाबाई जाग्या झाल्या.

“झालं? वाच.”

वाचलं. होडीपर्यंत त्यांची मान हलत राहिली. मग हलायची थांबली. मग त्या स्टुलावरून उठल्याच.

“हे काय आहे? हे माझ्या यादीत कुठे होतं?”

“नव्हतं. मी घातलं.”

“मला जरा डोळा लागला तर भेसळ केलीस? नानांच्या पंच्याहत्तरीला मी भांडण वाचून दाखवू? पाहुण्यांसमोर? काढ ते!”

इथे मी ‘हो मावशी’ म्हटलं असतं तर पंधराशे रुपये हातात होते. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. तीन दिवस मुकाट्याने मोरपंखी साड्या कांडत बसले होते मी.

“नाही काढणार! सबंध गोष्टीत तेवढीच जागा जिवंत आहे. बाकी सगळं कॅलेंडर आहे. पैसे नका देऊ, जा, फुकट घ्या. पण माझ्या हाताने ते निघणार नाही.”

“बघ हं, एक पैसा देणार नाही!”

“नका देऊ!”

“माझं मी खोडीन पेनाने!”

“खोडा!”

त्यांनी कागद ओढले, स्टूल उचलला आणि जिना दणाणत उतरल्या. लवूमामाने खालून विचारलं, “काय झाला गो?” मी खिडकी लावून घेतली. मग अर्धा तास रडले. विनीत आला तेव्हा त्याला सगळं सांगितलं. बुटाची किंमत वगैरे बाजूला ठेवून त्याने माझ्यासाठी चहा केला. चहा पिता पिता मी म्हणाले, “सोमवारी काकांना हो सांगते.” तो म्हणाला, “चिवडा तरी मिळाला होता मागच्या वेळी.” मी त्याला उशी फेकून मारली.

रविवारी पाच वाजता फोन वाजला.

“कमलाबाई बोलतेय. नानांनी तुला बोलावलंय. ये.”

“कशाला?”

“ये म्हटलं ना!”

घोडपदेवला जाताना मी मनातल्या मनात चार उत्तरं तयार केली, सगळी उर्मट. चाळीत दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींना ताजे हार, पाहुणे येऊन गेलेले, खुर्च्या अजून बाहेर गॅलरीत. कॉटवर नवाकोरा सदरा घातलेले नाना, हातात माझे कागद. तिसऱ्या पानावर निळ्या पेनाच्या रेघाच रेघा.

“तूच का ती? बस,” नाना म्हणाले. “मला एक सांग. हे कणीस. पाऊण खाल्लं मी?”

“हो,” मी म्हणाले. चारही उत्तरं विसरले.

“साफ चूक. अर्धं खाल्लं होतं.”

“अहो, तुम्ही खाल्लंच नव्हतं!” आतून कमलाबाई ओरडल्या. “आपण गेलोच नव्हतो!”

“गेलो नव्हतो म्हणून काय झालं? अर्धंच खाल्लं होतं. मी एवढा हावरा नाही.”

मला हसू आवरेना. “पण नाना, ते तर मावशींनी खोडलं होतं.”

“म्हणून तर आधी तेच वाचलं! खोडलेलं कोण सोडतं? पाहुण्यांसमोर हिने बाकीचं वाचलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं हे कोण दोघं आहेत बुवा, नुसते हसतायत. मग ही खीर वाढायला गेली तेव्हा रेघांच्या खालून वाचलं. म्हटलं, हां! ही आमची कमल. आणि हा मी, हलकट.”

कमलाबाई खिरीची वाटी घेऊन बाहेर आल्या. माझ्या हातात दिली आणि समोर बसल्या. आज त्या माझ्याकडे बघत होत्या, थेट.

“पोरी, मी काल फार बोलले. पाहुणे गेल्यावर ह्यांनी मला ते परत वाचायला लावलं. नाही नाही म्हणत वाचलं. इतकी वर्षं मला वाटायचं, गेलो असतो तर सगळं गोडगोड झालं असतं. मनात रोज एकदा जाऊन यायची मी, आणि रोज तेच. साडी, घोडा, होडी. ते खोटं आहे हे मला कायम ठाऊक होतं. तू भांडण घातलंस ना, तेव्हा पहिल्यांदा वाटलं, खरंच जाऊन आले.”

त्यांनी कपाटातून पाकीट काढून माझ्या मांडीवर ठेवलं.

“हे कांडपाचे पंधराशे. ठरल्याप्रमाणे.”

मग कमरेची छोटी पर्स उघडली, पाचशेच्या तीन नोटा काढल्या आणि पाकिटावर ठेवल्या.

“आणि हे तुझ्या मसाल्याचे.”

तिथे मिरचीचा कणही नव्हता, तरी माझे डोळे धबाधबा वाहायला लागले. नाना घाबरले. “अगं, कमी वाटले की काय तिला?” मी मान हलवली, नाक पुसलं, वाटी चाटूनपुसून संपवली. बुधवारी डंकावर मला जे सांगता आलं नव्हतं ते ह्या बाईने मला तीन नोटांत सांगितलं होतं. आता मला कुणीही विचारू दे, मसाला कुणाचा.

गॅलरीत येऊन मी दत्तारामकाकांना फोन लावला. “काका, उद्या अकराची वाट कशाला बघायची? जागा दुसऱ्या कुणाला द्या.” ते म्हणाले, “विचार केलास ना, बाळा?” मी म्हणाले, “केला, काका. तीन हजाराचा केला.” त्यांना काही कळलं नाही, पण आशीर्वाद दिला. विनीतला नोटांचा फोटो पाठवला. त्याचं उत्तर लगेच आलं: ‘उद्यापासून चार हजार लिही.’

कमलाबाई जिन्यापर्यंत सोडायला आल्या. पायरीवर मला थांबवलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, “एक विचारू? ते कणीस घेऊन परत येतील, हे तुला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही, मावशी. लिहिता लिहिता वाटलं, येतील.”

त्यांनी मागे दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “येतात. दर वेळी येतात.”

आतून नानांची हाक आली, “कमल, माझी गोळी कुठे ठेवलीस?”

“डबीत! मोजलेल्या आहेत, लक्षात ठेवा!” आणि त्या लगबगीने आत गेल्या.